सात जणांचे धुणे

मॉड कॉड्रनला धुण्याचे काम मिळाले ते तिच्या कसबामुळे नव्हे, तिच्या घराच्या जागेमुळे. वेल्डरबी गावातले ते शेवटचे घर. त्यापुढे काटेरी कुंपण आणि कुंपणापलीकडे बाँबफेकी विमानांचा तळ. गावात तिच्यापेक्षा चांगले कपडे धुणाऱ्या चार जणी होत्या. पण त्या चर्चच्या पलीकडे राहत. रात्रभर जर्मनीवर उडून आलेला माणूस सायकलवर मळके गाठोडे बांधून निघाला, की पहिल्या दारापाशी थांबे, आणि पहिले दार मॉडचे होते.

हे मॉड स्वतःच सांगे. महिला मंडळाच्या वार्षिक चहाला तिला दरवर्षी उभे करत आणि ती दरवर्षी तेच सांगे, तरी बायका हसत. "माझ्या हातात काही जोडीनं राहतच नाही," ती म्हणे. "मोजे नाहीत, हातमोजे नाहीत, कपबशा नाहीत. नवरा तेवढा टिकला, कारण तो मुळात एकच होता."

नवरा म्हणजे वॉल्टर. तो बिटाच्या शेतावर कामाला होता आणि घरात क्वचितच बोले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मॉड त्याचा चर्चला जायचा सदरा निळीत बुडवून विसरली, तेव्हा तो आकाशी सदरा घालून मुकाट्याने चर्चला गेला आणि परत आल्यावर म्हणाला, "उबदार आहे."

एकोणीसशे त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात तिच्याकडे सात जणांचे धुणे आले. एकाच लँकेस्टर विमानाचे सात जण. वयाने विशी-बाविशीचे, पत्र्याच्या एकाच गोल झोपडीत राहणारे. गाठोडे घेऊन येई तो लेन टॅटरसॉल. विमानातला बिनतारी यंत्रणेचा माणूस, लँकेशरचा, अंगाने काटकुळा, आणि त्या अंगाला न शोभणारे मोठे कान. सोबत साबणाची वडी आणि कधी साखरेची पुडी असे. सगळ्या कपड्यांवर सरकारी शाईने नंबर छापलेले होते. पण मॉड सोडा हाताने टाकी, मापाने नव्हे, आणि तिच्या उकळत्या हंड्यात सरकारी शाई दोन आठवडेसुद्धा टिकली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पिम दारात येऊन उभा राहिला. पिम विमानाच्या शेपटीत बसून मशीनगन चालवी. तिथे मोठा माणूस मावत नाही, आणि पिम होताच एवढासा. कॉड्रनचे इंग्रजी आद्याक्षर सी, म्हणून ही पोरे मॉडला मिसेस सी म्हणत.

"मिसेस सी, ही लोकरी चड्डी माझी नाही."

"कशावरून?"

पिमने कोट उघडला आणि कमरेची नाडी धरून चड्डी वर ओढली. ती थेट काखेपर्यंत आली. "यावरून," तो म्हणाला.

चड्डी हॅलिडेची होती. हॅलिडे म्हणजे नकाशे बघणारा कॅनडाचा माणूस. दारातून आत येताना तो वाकायचा आणि तरी डोके आपटून घ्यायचा. त्याच्या अंगावर पिमचे बनियन होते, आणि ते बेंबीच्या वरच संपत होते. मॉडने कपाळावर हात मारून घेतला आणि दे इकडे, बदलून देते म्हणाली. पिम दोन पावले मागे सरला.

"बदलायची नाही. काल रात्री याच कपड्यांत गेलो होतो. विमानाची चाळण झाली, आणि सात जणांतल्या एकालाही ओरखडा नाही. फक्त सांगायला आलो, की हे असंच राहू द्या."

तिने ते गमतीवारी नेले. पण दोन दिवसांनी पायलट फेंटन स्वतः आला. युद्धाआधी तो बँकेत कारकून होता आणि अजूनही समोर काउंटर असल्यासारखा बोले. "मिसेस कॉड्रन, आमची सर्वांची एक विनंती आहे. कपडे ज्याचे त्याला लावत जाऊ नका. धुवा, वाळवा आणि हाताला येतील तसे सात गठ्ठे करा." जाता जाता तो टोपी हातात घेऊन थांबला. "तुम्हाला जमेल ना?"

"या देशात निष्काळजीपणाबद्दल जिचे आभार मानले गेले अशी मी एकटीच बाई," मॉड मंडळातल्या बायकांना सांगे, आणि काखेपर्यंत ओढलेली चड्डी हाताने दाखवून खाली बसे. टाळ्या पडत. गोष्ट दरवर्षी तिथेच संपे. पुढे त्या सातांचे काय झाले, हे कोणी विचारत नसे. ज्यांना माहीत होते त्या तर नाहीच.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात ते विचारणारा माणूस येणार असे कळले.

जुन्या धावपट्टीच्या टोकाला आता कोंबड्यांची लांबलचक खुराडी होती. तिथे रस्त्याकडेला एक दगड बसवायचे गावाने ठरवले होते: त्या तळावरून उडून परत न आलेल्यांच्या नावे. पाद्रीबाबांनी जुन्या माणसांना पत्रे पाठवली आणि एका शनिवारी ते मॉडच्या दारात आले. "तुमच्या सातांतला एक जिवंत आहे म्हणे. टॅटरसॉल. जर्मनांच्या कैदेत होता. तो येतोय, आणि विचारतोय की कपडे धुणाऱ्या बाई आहेत का. तुमच्याकडे चहाला आला तर चालेल का?"

मॉड चालेल म्हणाली आणि दार लावून तिथेच पायपुसण्यावर उभी राहिली. एकेचाळीस वर्षे ती समजत होती की सातही गेले. कपडे धुणाऱ्या बाईला कोण कळवणार?

"कोण होतं?" आतून बीट्रिसने विचारले.

बीट्रिस म्हणजे मॉडची नणंद, वॉल्टरची मोठी बहीण. लग्न केले नाही. चाळीस वर्षे गावच्या प्रार्थनागृहात ऑर्गन वाजवला आणि एकदाही सूर चुकला नाही. वॉल्टर गेल्यावर ती आपली खुर्ची, आपली इस्त्री आणि आपली मते घेऊन मॉडकडे राहायला आली. आता एकोणऐंशीची होती. कानाने कमी ऐकू येते असे म्हणे, पण मॉडच्या हातून चमचा पडला तरी तिला वरच्या खोलीत कळे. मोजे मात्र गेली अकरा वर्षे तीच लावत होती आणि घरात एकही मोजा एकटा नव्हता.

मॉडने सांगितले. बीट्रिसने विणकामाच्या सुया खाली ठेवल्या.

"मग?"

"मग काय. त्याला सांगीन म्हणते."

"काय सांगशील?"

 दोघींनाही माहीत होते आणि दोघींनी ते कधी उच्चारले नव्हते.

त्याचे असे झाले होते. चव्वेचाळीसच्या जानेवारीत प्रार्थनागृहातल्या चहाला लेन आला होता. अंगात हॅलिडेचा सदरा. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या आणि कप उचलला की एक बाही चहात बुडे. बीट्रिसने सगळ्यांसमोर विचारले, "मॉड, या मुलाचे हात कुठे गेले?" बायका खूप हसल्या. मॉडही हसली, कारण स्वतःवर हसायची तिला सवय होती. त्या दिवशी मात्र ते लागले. घरी जाताना बीट्रिस म्हणाली, "माझ्या भावाच्या घरातून बाहेर पडलेलं काम आहे ते. लोक मला विचारतात."

मॉडने नशिबाची ती गोष्ट सांगून पाहिली. बीट्रिस रस्त्यात थांबली. "देव मोज्यांच्या जोड्या बघून विमानं परत आणतो का? सोमवारी येते. फीत आणि लाल दोरा आणते."

सोमवारी ती आली. मॉड दोन दिवस बसून प्रत्येक कॉलरच्या आत, प्रत्येक बनियनला, प्रत्येक मोज्याच्या काठाला फीत शिवत होती, आणि फितीवर लाल दोऱ्याने आकडे: फेंटन एक, हॅलिडे तीन, लेन पाच, पिम सात. बीट्रिस शेजारी बसून वाकडे टाके उसवायला लावत होती. पण सगळा दोष बीट्रिसवर टाकता आला असता तर मॉडला एकेचाळीस वर्षे बरी झोप लागली असती. खरे असे की दुसऱ्या दिवशी दुपारी तपकिरी कागदातले सात चौकोनी गठ्ठे टेबलावर ओळीने बघून तिला स्वतःला फार बरे वाटले. आयुष्यात एकदा तिच्या हातून काहीतरी नीट झाले होते. कोणीतरी वा म्हणावे असे तिला वाटले.

गुरुवारी फेंटन, पिम आणि लेन नेहमीप्रमाणे स्वच्छ कपडे न्यायला आणि मळके द्यायला आले. पिमने गठ्ठ्यावरचा आकडा वाचला, कागद थोडा फाडून आतला आकडा वाचला. "अहो मिसेस सी, हे काय करून बसलात?" तो हसत म्हणाला. फेंटनने त्याला कोपराने ढोसले. "फारच सुंदर काम झालंय," तो म्हणाला. "आभारी आहोत." म्हणजे तिला हवे होते ते मिळाले.

शुक्रवारी संध्याकाळी ते बर्लिनला गेले आणि परत आले नाहीत.

रविवारी तळावरून एक सार्जंट यादी घेऊन आला. "त्या सात जणांचं काही आहे का तुमच्याकडे?" मॉड दारात आडवी उभी राहून नाही म्हणाली. तिच्या मागे हंड्यात त्या सातांचे मळके कपडे उकळत होते. मळके कसे द्यायचे, धुऊन देऊ, असे तिला वाटले होते. धुतले, वाळवले, इस्त्री केली, आणि मग ते मागायला कोणी आले नाही. या दुसऱ्या गाठोड्यावर फिती नव्हत्या. तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती. सगळे तसेच खणात गेले.

तेव्हापासून मॉड स्वतःच्या प्रत्येक चुकीवर गावाला हसवत आली. निळा सदरा, करपलेला केक, उलटा लावलेला दरवाजाचा कडीकोयंडा. हसू एवढे मोठे ठेवले की त्यामागे हे एक लपून जावे.

"सांगून काय साधणार?" बीट्रिस म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. चहा दे, मनुकांचा प्लम ब्रेड दे, चीज दे, आणि हवेबद्दल बोल."

"तो विचारील, बीट्रिस."

"विचारणार नाही. पुरुष कपड्यांबद्दल काही विचारत नाहीत."

दगडाचा कार्यक्रम झाला. पाऊस आला नाही, ध्वज दोरीत अडकला, कोंबड्यांचा वास सगळ्यांना आला आणि कोणी तसे म्हणाले नाही. चार वाजता लेन टॅटरसॉल मॉडच्या स्वयंपाकघरात बसला होता. केस गेले होते, पोट आले होते, कान मात्र तेच होते. रॉचडेलला बस चालवायचा, आता निवृत्त. मॉडने प्लम ब्रेडच्या चकत्या केल्या, त्या जाड झाल्या. चीजचा तुकडा चाकूवरून निसटून फरशीवर पडला, तो तिने पायाने टेबलाखाली सारला. बीट्रिस खिडकीशी विणत बसली होती.

"याआधी कधी आला नाहीत," मॉड म्हणाली.

"दोनदा लिंकनपर्यंत आलो होतो, मिसेस सी. पुढची बस पकडली नाही." त्याने ब्रेडवर लोणी लावले. "तुम्ही काही बदलला नाहीत."

"चष्मा नवीन घ्या."

तो हसला. मग हवा झाली, बसचे रस्ते झाले, त्याच्या मुली झाल्या. बीट्रिसच्या सुया चालू होत्या. मॉडने कप भरला आणि तो बशीत सांडला. एवढ्यावर निभावले असते; तो सहाच्या बसने गेला असता. बशी पुसता पुसता ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही मला कपडे लावू नका म्हणून सांगितलं होतंत. शेवटच्या आठवड्यात मी लावले. फिती शिवल्या."

सुया थांबल्या.

"हो की," लेन म्हणाला. "मी पाच होतो."

"मला माहीत होतं तुम्ही ते कशासाठी सांगितलंय. तरी शिवल्या. लोक हसतात म्हणून. मला एकदा शाबासकी हवी होती म्हणून." ती बशी पुसतच राहिली. "वेडेपणा आहे, मोज्यांनी विमान पडत नाही, मला कळतं. पण रोज कळत नाही."

लेनने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा विचित्र झाला. हसू आवरणाऱ्या माणसाचा होतो तसा.

"मिसेस सी, तुम्हाला काय वाटलं? आम्ही ते तसेच घातले?"

"मग?"

"झोपडीत गेल्या गेल्या फेंटननं सातही गठ्ठे जमिनीवर उपडे केले. हॅलिडेनं काठीनं ढवळले. मग डोळे मिटून ज्याच्या हाताला जे येईल ते. पिमला परत तीच लांब चड्डी आली, तेव्हा तर आम्ही टाळ्या वाजवल्या. तुमच्या कामावर कोण विसंबून राहणार?" तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही कधीतरी चुकून बरोबर लावाल, ही भीती आम्हाला आधीपासूनच होती."

मॉड खाली बसली.

"मला जर्मनांनी पकडलं तेव्हा माझ्या कॉलरमध्ये चार होता, बनियनवर तीन, एका मोज्यावर सात आणि दुसऱ्यावर एक. त्यांचा अधिकारी खूश झाला. त्याला वाटलं, हा कसला तरी गुप्त संकेत आहे. दोन दिवस मला विचारत होता: चार-तीन-सात-एक म्हणजे काय? मी म्हणालो, मिसेस कॉड्रन. तर त्यानं तेही लिहून घेतलं."

मॉडच्या घशातून एक आवाज निघाला आणि तिने हातातले फडके तोंडावर दाबले. आधी तिला हसू आले. मग रडू आले. आणि मग, अगदी खरे सांगायचे तर, थोडा रागही आला. एकेचाळीस वर्षे तिने हे ओझे वागवले होते. आपल्या हातून झालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून वागवले होते. आता कळले की तिच्या त्या दोन दिवसांच्या शिवणाचा उपयोग तर सोडाच, अपायसुद्धा झाला नव्हता. पोरांनी काठीने ढवळून टाकले होते.

"खालून आलं ते," लेन हळू म्हणाला. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हते. "जर्मनांचं लढाऊ विमान. पिमला ते दिसूच शकलं नसतं, त्याच्या बंदुका तिकडे वळतच नव्हत्या. पंख पेटला. फेंटननं विमान धरून ठेवलं म्हणून मी बाहेर पडलो. आम्ही सगळे नशिबाचे कपडे घालून होतो, मिसेस सी. अगदी तुमच्याच पद्धतीनं."

"काय म्हणाला तो?" खिडकीकडून बीट्रिसने विचारले.

मॉडने वळून पाहिले. बीट्रिस पुढे वाकून बसली होती, कानामागे तळहात धरून.

"ऐकू आलं नाही मला. ते काठीचं परत सांगा."

लेनने मोठ्याने परत सांगितले. गठ्ठे उपडे केले, काठीने ढवळले, डोळे मिटून उचलले.

"सगळे गठ्ठे?"

"सगळे, मिस कॉड्रन."

"एकानंही शिवलेल्या नंबराप्रमाणे घातले नाहीत?"

"एकानंही नाही."

"आणखी एकदा सांगा," बीट्रिस म्हणाली. तिचा आवाज ऑर्गनच्या वरच्या पट्टीसारखा बारीक झाला होता. "माझे कान गेलेत."

त्याने तिसऱ्यांदा सांगितले, प्रत्येक शब्द सुटा करून. बीट्रिसने मान हलवली, खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि किटली घेऊन आतल्या मोरीत गेली. किटली निम्मी भरलेली होती. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बंद होईना.

मॉडला उठून जावेसे वाटले, पण ती उठली नाही. अकरा वर्षे एका छपराखाली राहून, रोज एकमेकींचे मोजे बघून, आपण एकटीनेच हे वागवले असे ती समजत होती. लाल दोरा कोणी आणला होता, हे बीट्रिसही विसरली नव्हती.

नळ चालू होता. मॉड कपाटापाशी गेली आणि खालचा खण ओढला. तो अडकला, नेहमीप्रमाणे. मग एकदम सगळाच बाहेर आला आणि लव्हेंडरच्या पुड्यांसकट फरशीवर पसरला.

"हे तुमचं," ती म्हणाली. "शेवटच्या गुरुवारी दिलं होतंत. धुऊन ठेवलंय. थोडा उशीर झाला."

लेन गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला. लोकरीचे बनियन, विटलेले सदरे, राखाडी मोजे. कशावर नंबर नाही, कशाची खूण नाही. काही कसरीने खाल्लेले. त्याने एक सदरा उचलून बाही हाताशी लावली. ती बोटांच्या खूप पुढे गेली. "हॅलिडे," तो म्हणाला आणि सदरा घडी करून परत ठेवला. बाकीचे तो चाचपत राहिला. माझे कुठले, असे त्याने विचारले नाही, आणि तिला सांगताही आले नसते.

शेवटी त्याने ढिगात हात घालून, न बघता, दोन मोजे ओढले. खुर्चीवर बसून बूट काढले, स्वतःचे चांगले नायलॉनचे मोजे काढले आणि ते दोन चढवले. एक गुडघ्यापर्यंत आला. दुसरा घोट्याच्या वर जेमतेम पोचला.

बीट्रिस किटली घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल होते आणि पुढचे केस ओले. पाण्याचा हबका तोंडावर मारला असावा. तिने किटली शेगडीवर ठेवली, वळली आणि लेनच्या पायांकडे पाहिले. मॉड वाट बघत राहिली.

"ते जोडीचे नाहीत," बीट्रिस म्हणाली.

"नाहीत," मॉड म्हणाली.

बीट्रिसने त्या पायांकडे आणखी थोडा वेळ पाहिले. हात कमरेवरच्या एप्रनशी जरा चाळवले, दर सोमवारी धुण्याचा ढीग बघून चाळवत तसे.

"राहू देत," ती म्हणाली, आणि ब्रेडच्या चकत्या पातळ कापायला घेतल्या.